पांढऱ्यातली सहा भोकं

१

चिटणीस उताणा पडला होता. गळ्यात गोळी, डोळे उघडे, आणि एका मुठीत नेमबाजीच्या कार्डाचा कोपरा घट्ट धरलेला. बाकीचं कार्ड छातीवर पसरलं होतं. मेल्यावरसुद्धा हा माणूस कुणाला तरी हसत असल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्या क्लबातली माणसं दाराशी उभी राहून त्याच्याकडे अशी बघत होती की जणू कुणी नळ उघडा ठेवून गेलंय.

"कुणाला वाईट वाटलंय का इथे?" मी विचारलं.

पंचवीस वर्षं पोलिसात काढलीत मी, पण इतका कोरडा मुडदा पाहिला नव्हता.

जागा साधी. लांबट हॉल, एका टोकाला गोळ्या झाडायची टेबलं, दुसऱ्या टोकाला कार्डं लावायच्या चौकटी आणि त्यामागे वाळूची भिंत. चिटणीस चौकटींपुढे पडलेला. गोळी टेबलाकडून आलेली. पिस्तूल सापडलं ते धाकटीच्या कपाटात, कुलूप लावलेलं, तेलाच्या फडक्यानं पुसलेलं. धाकटी म्हणजे क्लबातल्या दोघी बहिणींतली लहान, पहिल्या नंबरची पिस्तूलवाली. सकाळीच चिटणिसानं तिचं नाव संघातून कापलं होतं, आणि तिनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं होतं, "तुम्ही मराल ना, त्या दिवशी मी नवे कपडे घालीन."

आमच्या साहेबांना एवढं पुरे होतं. फोनवर म्हणाले, "पिस्तूल तिचं, कपाट तिचं, भांडण तिचं. बाई, आता काय मुहूर्त बघताय? संध्याकाळपर्यंत आत टाका."

टाकलंही असतं. पण कार्ड उचललं आणि थांबले.

चिटणिसाला गोळी एकच लागली होती. कार्डावर भोकं मात्र सहा होती.

२

धाकटी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती, पाय लांब करून. नवे कपडे घातले नव्हते, एवढीच मेहेरबानी.

"पकडा की," ती म्हणाली. "वाट कसली बघताय?"

"घाई मला आहे, तुला का?"

"कारण तुम्ही पकडणारच. साहेबांचा फोन मी इथून ऐकला. तुमचा आवाज काही नाजूक नाही."

डोक्यात तिडीक गेली. असली पोर माझ्या घरात असती तर मी तिच्याशी बोलणं सोडलं असतं. पण चिडून उपयोग नव्हता. चुकीची पोर आत गेली तर बाहेर कोण फिरणार, हा प्रश्न होता. आणि पोर बावीस वर्षांची होती. एकदा आत गेली की पुढे निर्दोष सुटली तरी तिच्या हातात पुन्हा कुणी पिस्तूल देणार नव्हतं.

मी कार्ड तिच्यासमोर धरलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकात एक रिंगणं, अगदी मधल्याला दहा गुण, बाहेर जाल तसे कमी; आतली रिंगणं काळी भरलेली, म्हणजे लांबून मोठा काळा गोळा दिसतो. सहाही भोकं त्या काळ्याच्या बाहेर होती. वरच्या पांढऱ्यात.

तिनं एक नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"हे माझं म्हणताय? शी! मी त्याला मारलं असतं ना, तर मधल्या दहात मारलं असतं. हे सहाच्या रिंगणात गेलंय. असलं कार्ड मी घरीसुद्धा नेणार नाही."

"रागानं हात थरथरला असेल."

"हात थरथरला तर भोकं गावभर पसरतात, बाई. ही बघा." तिनं जवळच पडलेला चहाचा रिकामा कप उचलून कार्डावर उपडा ठेवला. सहाही भोकं कपाखाली झाकली गेली. "थरथरणारा हात असं मारत नाही."

"म्हणजे चांगला नेमबाज?"

"हात चांगला. नेम चुकीचा." तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं असावं, कारण कप उचलून तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग पुन्हा फणा काढला. "आता ताईला विचाराल ना? विचारा. माझ्याबद्दल बरं काही सांगितलं तर मला बोलवा, मला ऐकायचंय."

ताई म्हणजे हिची थोरली सख्खी बहीण. क्लबच्या काउंटरवर बसायची.

"तुमचं पटत नाही?"

"ती माझी बॅग उचलते, माझ्या कपाटाची किल्ली सांभाळते, आणि मनातल्या मनात मला शिव्या घालते. पूर्वी तिची बॅग मी उचलायचे. तेव्हा शिव्या मी घालायचे."

३

कोच आला तो गालाला रुमाल लावून. दुपारभर दाताच्या डॉक्टरकडे होता, दाढ काढायला, आणि डॉक्टरनं फोनवर ते कबूलही केलं, वर तक्रार केली की हा माणूस खुर्चीतसुद्धा त्याला शिकवत होता.

"मी मारलं नाही," कोच तोंडातल्या तोंडात म्हणाला, "याचं मला दुःख आहे, असं लिहून घ्या."

"का बरं?"

"रायफलचा विभाग बंद केला त्यानं. तीन वर्षं झाली. रायफली विकल्या, त्या जागेत स्वतःचं ऑफिस थाटलं. माझी निम्मी पोरं गेली. आता पिस्तूलवाल्यांच्या मागे लागला होता. आणि माझ्या दुर्बिणी!"

"त्यांचं काय?"

"पंचवीस मीटरवरून भोक डोळ्यानं दिसत नाही, मॅडम. टेबलावर दुर्बीण ठेवून बघावं लागतं. महाग वस्तू. चिटणीस त्या पाहुण्यांना खेळायला द्यायचा. तेव्हापासून मी कपाटात बंद करतो. किल्ली गळ्यात." त्यानं शर्टाचं बटण काढून किल्ली दाखवली. "डॉक्टरकडेही गळ्यातच होती. माझ्या दुर्बिणींना माझ्यावाचून कुणी हात लावत नाही."

मी कार्ड दाखवलं. त्यानं भोकांवर बोट फिरवलं. इथल्या लोकांना मेलेल्या माणसापेक्षा कार्डाची ओढ जास्त, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

"पाच गोळ्यांचा एक डाव असतो," तो म्हणाला. "एका कार्डावर पाच. सहावी कुणी मारत नाही."

"सहावी ही." मी एका भोकाच्या मागच्या बाजूला वाळलेलं रक्त दाखवलं. "पाच आधी मारल्या, कार्ड चौकटीत असताना. मग चिटणीस कार्ड काढायला गेला, काढून छातीशी धरलं, आणि सहावी त्यातून आरपार त्याच्या गळ्यात."

कोचनं रुमाल गालावरून काढला.

"पाचांच्याच घोळक्यात?"

"हो."

"म्हणजे पाच थंड डोक्यानं, सहावी जीव घ्यायला, आणि तरी नेम तोच. तसूभर हलला नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला त्या माणसाची किळस आली. "असा हात माझ्याकडे एकच होता," तो म्हणाला, आणि मग एकदम ओठ मिटले.

"कुणाचा?"

"दाढ दुखतेय," कोच म्हणाला आणि उठून गेला.

४

काउंटरवर ताई कार्डांचे गठ्ठे रचत होती. तिशीची, केस घट्ट बांधलेले, माझ्याकडे न बघता बोलणारी. दुपारभर इथेच होते म्हणाली. आतून आवाज आला, पण आवाज रोजचाच, म्हणून उठले नाही. मागच्या खोलीत मिस्त्री होता, पिस्तुलं दुरुस्त करणारा, पण त्याचं यंत्र चालू असलं की त्याला भूकंपही कळत नाही.

"धाकटीनं मारलं असेल?"

"तिला लहानपणापासून सगळं आयतं मिळालं," ताई म्हणाली. "नाही मिळालं की ती काय करते ते मी घरात बघितलंय. तुम्ही ठरवा."

सख्ख्या बहिणीचा गळा इतक्या शांतपणे कापताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मलाच राग आला. पण राग गिळून मी खुर्ची ओढली, कारण एक गोष्ट मला खरंच जाणून घ्यायची होती. आमचं वार्षिक फायरिंग जवळ आलं होतं आणि माझ्या नेमावरून ठाण्यात विनोद चालायचे. हवालदार म्हणायचा, बाईंसमोर उभं राहणं हीच सगळ्यात सुरक्षित जागा.

"एक सांगा," मी म्हणाले, "या काळ्या गोळ्यावर नेम धरायचा तरी कुठे?"

पहिल्यांदा तिनं मान वर केली. चेहरा जरा सैल झाला.

"मधोमध. आणखी कुठे? गोळा बरोबर मध्ये बसला पाहिजे. चारही बाजूंनी सारखा उजेड दिसला पाहिजे. श्वास अर्धा सोडायचा आणि घोडा दाबायचा नाही, नुसतं बोट मिटत आणायचं." बोलताना तिचा उजवा गाल नकळत खांद्याकडे झुकला, आणि लगेच तिनं मान सरळ केली.

"तुम्ही नाही खेळत?"

"नाही."

"कधीच?"

"कार्डं देते मी. कुणाला किती हवीत ते विचारायचं आणि द्यायची." ती पुन्हा गठ्ठ्यांकडे वळली. "तुम्हाला हवंय का एखादं?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. गाडी पाठवलीय, म्हणाले. धाकटीला घेऊन या, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला पाठवतो.

मी एक कार्ड मागून घेतलं.

५

मिस्त्री मला हॉलमध्ये शिरू देईना. "पोलिसांनी काय काय मोडायचं ते बाहेर मोडावं," म्हणाला. शेवटी हवालदारानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, तेव्हा कुरकुरत एक पिस्तूल काढलं. धाकटीच्याच बनावटीचं, क्लबचं.

"नेम साधायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी तशीच बसवलीय ना?"

"इथली सगळी पिस्तुलं मी एकसारखीच बसवतो. सगळी पोरं एकाच पद्धतीनं शिकलेली. तुमच्यासारख्यांना काय फरक पडणार आहे?"

मुडदा एव्हाना हलवला होता. कार्ड लावलं. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकलं, ताईनं सांगितलं तसा काळा गोळा डोळ्यापुढे मधोमध घेतला, पण अडचण अशी की मागची खाच काळी, पुढची माशी काळी आणि गोळाही काळा. माशीचं टोक काळ्यात विरघळून गेलं. तरी नेटानं मधोमध धरलं आणि पाच गोळ्या मारल्या.

हवालदार कार्ड घेऊन आला. चेहऱ्यावर हसू दाबलेलं.

"बाई, एकही काळ्यात नाही."

माझी भोकं चांगलीच विखुरलेली होती, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण सगळी वर होती. वरच्या पांढऱ्यात. मी मेलेल्या माणसाचं कार्ड शेजारी ठेवलं. त्याचा घोळका माझ्या पसाऱ्याच्या बरोबर मधोमध येत होता.

मिस्त्री खांद्यावरून डोकावला आणि हसला. दिवसभरात या इमारतीत कुणी मोकळं हसलं असेल तर तेच.

"मधोमध धरलंत होय? अहो, काळ्यावर काळी माशी दिसेल कशी? पिस्तुलात नेम काळ्याच्या खाली धरतात. मध्ये पांढरी रेघ सोडून. गोळा माशीवर ठेवल्यासारखा दिसला पाहिजे. आणि मी खाच अशी बसवतो की जितकं खाली धराल, तितकी गोळी वर जाऊन बरोबर दहात लागेल. तुम्ही मध्येच धरलंत, म्हणून तितकीच वर गेली. पहिल्या दिवशी शिकवतात हे पोरांना."

"मग मधोमध कोण धरतं?"

"रायफलवाले. दस्त्याला गाल टेकून बघतात ते; त्यांच्या बंदुकीला माशी नसते, रिंगण असतं. रिंगणात गोळा गोल बसवायचा, चारही बाजूंनी उजेड." तो थांबला. "पण रायफलवालं आता आहे कोण इथे? तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

बाहेर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

६

मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. साहेबांच्या गाडीला थांबायला सांगितलं. ड्रायव्हरचं तोंड उतरलं, पण तो माझा प्रश्न नव्हता.

धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली, हात बांधून. कोच आणि मिस्त्री एकमेकांपासून लांब. ताई दाराजवळ, जाता येईल अशी.

"हे कार्ड," मी म्हणाले, "कुणाचं नाही ते आधी सांगते. धाकटीचं नाही. तिचं स्वतःचं पिस्तूल, काळ्याच्या खाली धरायची तिला सवय. तिची गोळी दहात जाते. गळ्यात नाही, छातीत गेली असती. मुद्दाम दुसऱ्याचा आव आणून वर मारली म्हणावं, तर इतकी अक्कल लढवणारी पोर पिस्तूल स्वतःच्याच कपाटात ठेवत नाही. कोच डॉक्टरकडे. मिस्त्रीनं खाच स्वतः बसवलीय, तो चुकणार नाही. चुकला असता तर मी आज त्याला दोन शब्द सुनावले असते."

"म्हणजे बाहेरचं कुणी?" कोच म्हणाला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. त्याला केव्हाच कळलं होतं, आणि तरी तो एका पोरीला गाडीत बसू देणार होता. कारण दुसरीचा हात जास्त चांगला होता.

"बाहेरच्याकडे कपाटाची किल्ली कशी? नाही. हे अशा कुणाचं काम आहे ज्याचा हात दगडासारखा स्थिर आहे, पण ज्यानं पिस्तूल आजच पहिल्यांदा धरलं. जुन्या सवयीनं गोळा मधोमध घेतला, आणि सहाही गोळ्या एकाच ठिकाणी, वर. रायफलवाल्यासारखा."

कुणी ताईकडे बघितलं नाही. सगळे इतक्या कटाक्षानं तिच्याकडे बघायचं टाळत होते की वेगळं बोट दाखवायची गरजच नव्हती.

"एवढ्यावर काही सिद्ध होत नाही," ताई म्हणाली. आवाज सरळ. "सवय म्हणजे पुरावा नाही. मधोमध तुम्हीही धरलंत."

तिचं खरं होतं. न्यायालयात माझे धिंडवडे निघाले असते. मला ते माहीत होतं आणि तिलाही. मग मी तिच्याजवळ गेले आणि दिवसभरात तिला जे कुणी दाखवलं नव्हतं ते तिच्या हातात दिलं. कार्ड.

"बघा तरी," मी म्हणाले. "तुम्ही सोडून इथे सगळ्यांनी बघितलंय."

तिनं घेतलं. आधी नुसतं घेतलं, काउंटरवर घ्यायची तसं. मग बघितलं. मग दिव्याखाली नेऊन बघितलं. तिचा अंगठा भोकांवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. चेहऱ्याचा रंग उडाला.

"हे नाही," ती म्हणाली. "हे दुसरं कुठलं तरी आहे."

"हेच आहे. मागे रक्त आहे बघा."

"पण तो म्हणाला, पाचही भरकटल्या!" ती ओरडली. "तो म्हणाला, एक इकडे, एक तिकडे, दोन तर कार्डालासुद्धा लागल्या नाहीत! कार्ड छातीशी धरून हसत होता, म्हणाला, ही बघ तुझी चाळण. रायफली विकल्यापासून तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते, एकदा मला पिस्तुलावर बघा म्हणून. तीन वर्षं! आज म्हणाला, ये, तुझी हौस फिटू दे. आणि मग म्हणाला, संपलीस तू, जा, काउंटरवर बस, कार्डं मोज."

तिच्या लक्षात आलं ती काय बोलून बसली. पण मला वाटतं, तिला त्याची पर्वा नव्हती. ती कार्डाकडेच बघत होती.

मी विचारलं, "तुम्हाला भोकं दिसली नाहीत?"

"इतक्या लांबून? दुर्बिणी कपाटात, आणि कार्डामागे त्याचा पांढरा शर्ट. पांढऱ्यावर पांढरं. तो सांगेल ते खरं." ती थांबली. "खोटं का बोलला तो? नेम वर जातोय, थोडा खाली धर, एवढंच तर सांगायचं होतं."

"काउंटरवर त्याला फुकटात राबणारं माणूस हवं होतं," कोच म्हणाला.

"तुम्हीही नाही सांगितलंत. मला परत उभं करा म्हणून तुम्ही एकदा तरी त्याला सांगितलंत?" ती त्याच्याकडे अशी वळली की तो मागे सरकला. "आणि मी त्याला मारलं. मला वाटलं, माझा हात गेला. हात गेलाय तर आता उरलंय काय, म्हणून मारलं."

धाकटी भिंतीपासून सुटून पुढे आली. मला वाटलं, आता झिंज्या उपटणार. तो तिचा हक्कच होता. थोरलीनं पिस्तूल पुसून तिच्या कपाटात ठेवलं होतं आणि दिवसभर तिला गाडीत बसवायची वाट बघितली होती.

"मला विचारायचंस," धाकटी दातओठ खात म्हणाली. "एका वाक्यात सांगितलं असतं. काळ्याच्या खाली धर. पिस्तूल माझं होतं, मला विचारायचंस ना!"

"तुला?" ताई म्हणाली. "तुला विचारणार होते मी?"

मी कार्डासाठी हात पुढे केला.

"द्या. पुरावा आहे."

"एक मिनिट." ताईनं कार्ड सोडलं नाही. माझ्याकडे नव्हे, बहिणीकडे बघून म्हणाली, "खाली धरलं असतं तर किती झाले असते?"

धाकटीला उत्तर द्यायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. पण असल्या माणसांपुढे कार्ड धरलं की ती वाचल्याशिवाय राहत नाहीत. ती वाकली, भोकं मनातल्या मनात खाली सरकवून गोळ्यावर बसवली आणि रक्ताचं सोडून पाच मोजली.

"तीन दहा," ती म्हणाली. "दोन नऊ."

"तुझे किती होते? निवडीच्या दिवशी?"

धाकटीनं भोकं पुन्हा एकदा मोजली.

"याहून कमी," ती म्हणाली.

ताईनं मान डोलावली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मग स्वतःहून गाडीकडे चालायला लागली. ड्रायव्हरला सांगितलेली मुलगी वेगळी होती, त्यामुळे त्यानं आधी दारच उघडलं नाही.